विश्लेषण : ॲल्युमिनियमचा ‘रवा’ बारीक करायचा, पण औषध कोणते?

मोटारीचे ॲलॉय व्हील, दुचाकीचे सिलिंडर हेड, पंपाचे आवरण. ॲल्युमिनियमच्या अशा ओतीव भागांची मजबुती धातूत काय मिसळले आहे यावर अवलंबून असते, तशीच साच्यात गोठताना धातूचा रवा कसा पडला यावरही असते. रवा बारीक पडावा म्हणून गेली सात दशके टायटॅनियम आणि बोरॉन वापरले जाते. पत्रा आणि फॉइलसाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियममध्ये ते चोख काम करते. ओतकामाच्या ॲल्युमिनियममध्ये मात्र त्याचा गुण अर्धामुर्धाच येतो. तरीही अनेक फाउंड्रींत तेच औषध, फक्त वाढीव मात्रेत दिले जाते. हा खर्च वाया जातो आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

धातूला रवा असतो म्हणजे काय?

कढवलेले तूप सावकाश थंड झाले तर रवाळ होते. फ्रिजमध्ये झटकन थिजवले तर गुळगुळीत राहते. ॲल्युमिनियमचेही तसेच आहे. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. थंड होताना द्रवात कुठेतरी पहिले घन बीज तयार होते, त्याभोवती अणू शिस्तीत रचले जातात आणि स्फटिक वाढू लागतो. असे असंख्य स्फटिक एकमेकांना भिडेपर्यंत वाढतात. त्या प्रत्येकाला फाउंड्रीत ‘ग्रेन’ म्हणतात, मराठीत रवा किंवा कण. बीजे थोडी असतील तर प्रत्येक रवा काही मिलिमीटरपर्यंत मोठा होतो. बीजे भरपूर असतील तर रवा मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाइतका बारीक राहतो.

तुपात रवाळपणा हवा असतो, ओतीव भागात तो नको असतो. मोठे रवे साच्याच्या भिंतीपासून आत लांबट वाढत जातात. गोठताना धातू आकसतो, तेव्हा या लांबट रव्यांच्या सांध्यांत ताण येतो आणि भाग साच्यातच तडकतो. आकसण्यामुळे राहणारी पोकळीही एका जागी गोळा होते. बारीक रवा असला तर उरलेला द्रव शेवटपर्यंत फटींतून वाहत राहतो, आकसलेली जागा भरतो. जी सूक्ष्म छिद्रे राहतात ती विखुरलेली राहतात. हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवल्यावर ज्या भागातून बुडबुडे येतात आणि जो तयार भाग थेट भंगारात जातो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा हीच गोष्ट असते. मशीनिंगचा खर्च करून झाल्यावर हे उघडकीला येते, हे त्यातले खरे दुखणे.

टायटॅनियम-बोरॉनची कांडी करते काय?

उत्तर सोपे आहे, विरजण घालते. १९४९ मध्ये ब्रिटनमधील लोहेतर धातू संशोधन संस्थेतील ए. सिबुला यांनी दाखवले की टायटॅनियमचे बोराइड किंवा कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण द्रवात असतील तर ॲल्युमिनियम त्यांच्यावर बसून गोठू लागते. त्यातून पुढे ५ टक्के टायटॅनियम, १ टक्का बोरॉन आणि उरलेले ॲल्युमिनियम असा ‘पाच-एक’ मास्टर अलॉय जगभर रूढ झाला. बिलेट आणि स्लॅब ओतणाऱ्या मोठ्या कारखान्यांत त्याची जाड तार वाहत्या धातूत सतत सोडली जाते. प्रमाण टनाला साधारण एक-दोन किलो. म्हणजे एका टनात किलोमागे जेमतेम ५० ग्रॅम टायटॅनियम आणि १० ग्रॅम बोरॉन. तेवढ्याने रवा बारीक होतो.

विरजणाची उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. विरजणातले जिवाणू वाढतात, टायटॅनियम डायबोराइडचे कण वाढत नाहीत. घातले तेवढेच असतात, आणि त्यातलेही बहुतेक कामाला येत नाहीत. केंब्रिजमधील ए. एल. ग्रीअर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये याचे गणित मांडले. कण जितका मोठा, तितका तो लवकर, म्हणजे द्रव गोठणबिंदूच्या किंचितच खाली गेला असताना कामाला लागतो. दोन मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या अंशाहूनही कमी अतिशीतलन पुरते. असे मोठे कण आधी पुढे येतात, त्यांच्यावर स्फटिक वाढतो, गोठण्याची उष्णता बाहेर पडते आणि द्रव पुन्हा किंचित तापतो. मग बारीक कणांची पाळीच येत नाही. शंभरातला जेमतेम एखादा कण रव्याचे बीज ठरतो. बाकीचे नुसते प्रवासी.

म्हणून सुधारणा करायची तर ‘आणखी घाला’ हे उत्तर पहिले येऊ नये. कणांचा आकार एकसारखा असलेला, गुठळ्या नसलेला मास्टर अलॉय कमी मात्रेत जास्त गुण देतो. मास्टर अलॉय विकत घेताना मात्र टायटॅनियम-बोरॉनची टक्केवारी पाहिली जाते, कणांचा फोटो कोणी मागत नाही.

मग सिलिकॉन आडवा का येतो?

इथे विषयाचे मर्म आहे. पत्र्याच्या ॲल्युमिनियममध्ये सिलिकॉन थोडा असतो. ओतकामाच्या मिश्रधातूत तो भरपूर लागतो, कारण त्यामुळे द्रव साच्याच्या कानाकोपऱ्यात सहज वाहतो. पुणे, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर या पट्ट्यात ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगसाठी चालणाऱ्या एलएम२५ मध्ये आणि ॲलॉय व्हीलच्या ए३५६ मध्ये तो ७ टक्क्यांच्या आसपास असतो. सिलिकॉन साधारण ३ टक्क्यांपर्यंत रवा बारीक व्हायला मदतच करतो. त्यापुढे मात्र चित्र उलटते. ‘पाच-एक’ घालूनही रवा पुन्हा जाड होऊ लागतो. धातुशास्त्रात याला सिलिकॉनची ‘विषबाधा’ म्हणतात.

ती नेमकी कशी होते, यावर अजून वाद आहे. एक मोठा धागा मात्र २०१५ मध्ये हाती लागला. ब्रिटनच्या ब्रुनेल विद्यापीठातील झोंगयुन फॅन यांच्या गटाने अत्यंत शक्तिशाली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले की बोराइडच्या कणावर टायटॅनियम-ॲल्युमिनियमचा केवळ एका अणूइतका जाड थर चढलेला असतो. ॲल्युमिनियमचे अणू बसतात ते या थरावर, उघड्या बोराइडवर ते तितक्या सहज बसत नाहीत. थर बिघडला की कण असूनही निकामी. काही परके घटक हा थर बिघडवतात. झिर्कोनियमच्या बाबतीत ते चांगलेच स्पष्ट झाले आहे आणि सिलिकॉनबाबतही संशयाची सुई तिकडेच वळते.

हे लक्षात घेतले की वाढीव मात्रेचा फोलपणा कळतो. फाउंड्रीत गुण येत नाही असे दिसले की टायटॅनियम ०.१० ते ०.१५ टक्क्यापर्यंत नेले जाते. पत्र्याच्या कारखान्यातील ५० ग्रॅमच्या जागी इथे टनाला किलो-दीड किलो टायटॅनियम जाते. आणि ०.१५ टक्क्याच्या पुढे गेले की टायटॅनियम विरघळून राहतच नाही. त्याचे जड, टणक तुकडे भट्टीच्या तळाशी गाळ म्हणून साचतात, कधी तो गाळ पळीबरोबर साच्यातही जातो. पैसे देऊन दोष विकत घेण्याचाच हा प्रकार.

पर्याय आहे का?

आहे, आणि तो भारतातच बराच अभ्यासला गेला आहे. आयआयटी खरगपूरमध्ये बी. एस. मूर्ती, एस. ए. कोरी आणि एम. चक्रवर्ती यांनी ७ टक्के सिलिकॉनच्या मिश्रधातूवर पद्धतशीर काम केले. त्यांचा २००२ मधील आढावा लेख या विषयातला आजही आधाराचा मानला जातो. निष्कर्ष असा की जास्त सिलिकॉन असेल तिथे टायटॅनियमपेक्षा बोरॉन वरचढ असलेला मास्टर अलॉय अधिक गुण देतो. १ टक्का टायटॅनियम आणि ३ टक्के बोरॉन असलेला ‘एक-तीन’ किंवा नुसता ३ टक्के बोरॉनचा. कोरी यांनी हे काम पुढे बागलकोटच्या बसवेश्वर अभियांत्रिकी महाविद्यालयातही चालवले. बागलकोट कोल्हापूरहून काही तासांच्या वाटेवर. शोधनिबंधाला तिथून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पोहोचायला वीस वर्षेही पुरू नयेत, याचे नवल वाटत नाही, खेद वाटतो.

अर्थात बोरॉनलाही खोड आहे. ओतकामात सिलिकॉनची जाडी टोकदार पाती बारीक, तंतुमय करण्यासाठी स्ट्रॉन्शियम घातले जाते, ०.०१ ते ०.०३ टक्के. (याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात आणि ते रवा बारीक करण्याहून वेगळे काम आहे. दोन्हींची सर्रास गल्लत होते. स्ट्रॉन्शियम घातले म्हणजे रवा बारीक झाला असे नव्हे.) मोकळा बोरॉन या स्ट्रॉन्शियमशी संयोग पावून त्याचे बोराइड बनवतो, म्हणजे एका औषधाने दुसरे औषध खाल्ले. तेव्हा ‘एक-तीन’ घालायचे तर स्ट्रॉन्शियमची मात्रा आणि दोन्ही घालण्यातले अंतर नव्याने ठरवावे लागते. जुन्या कागदावरची मात्रा तशीच ठेवून नुसती कांडी बदलली तर गुण येणार नाही आणि दोष नव्या कांडीवर येईल.

ब्रुनेल विद्यापीठातच हरी बाबू नादेंदला यांच्या गटाने नायोबियम-बोरॉनचा मार्ग काढला आहे. त्यावर सिलिकॉनची विषबाधा बरीच कमी होते. प्रयोगशाळेतले निकाल उत्साहवर्धक आहेत. पण जगातील बहुतांश नायोबियम एकट्या ब्राझीलमधून येते. छोट्या फाउंड्रीसाठी आजचा व्यवहार्य पर्याय बोरॉनप्रधान मास्टर अलॉयचाच दिसतो.

औषध बरोबर, पण वेळ चुकली तर?

टायटॅनियम डायबोराइडची घनता साधारण ४.५, द्रव ॲल्युमिनियमची २.४. म्हणजे कण जवळपास दुप्पट जड. ते सावकाश खाली बसतात. कांडी घातल्यावर पहिल्या काही मिनिटांत परिणाम सर्वाधिक असतो, मग तो ओसरत जातो. मोठ्या कारखान्यात तार वाहत्या धातूत सुटते आणि धातू लगेच गोठतो, त्यामुळे ही अडचण जाणवत नाही. ग्रॅव्हिटी डाय कास्टिंगच्या भट्टीत मात्र दोनशे-तीनशे किलो धातू तासनतास पळीपळीने काढला जातो. पाळीच्या सुरुवातीला औषध घातले, तर पहिला भाग आणि शेवटचा भाग एकाच धातूचे असूनही वेगळ्या रव्याचे निघतात. मधल्या सुटीनंतरचे भाग अधिक खराब निघतात, हे कारागिरांना अनुभवाने ठाऊक असते. दोष मात्र साच्याच्या तापमानावर ढकलला जातो.

उपाय साधा आहे. एकदम मोठी मात्रा देण्याऐवजी थोडी-थोडी देणे, आणि डिगॅसिंगसाठी फिरणारा रोटर असेल तर त्याच फेरीत कण पुन्हा ढवळून वर आणणे. यासाठी नवे यंत्र लागत नाही, पाळीचे वेळापत्रक बदलावे लागते. क्षारांच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यातून टायटॅनियम-बोरॉन किती उतरते हे धातूचे तापमान आणि गोळी दाबून धरणाऱ्याचा हात यांवर ठरते, शिवाय फ्लोराइडचा धूर भट्टीवरच्या माणसाच्या नाकात जातो. टायटॅनियम-बोरॉन असे अंदाजाने उतरवायचे आणि ते कामगाराच्या फुप्फुसांच्या मोबदल्यात, हा सौदा कितीही स्वस्त दिसला तरी वाईटच.

रवा बारीक झाला हे कळते कसे?

बहुतेक ठिकाणी कळतच नाही, कारण पाहिले जाते ते स्पेक्ट्रोमीटरचा कागद. त्यावर टायटॅनियम ०.१२ टक्के दिसले की समाधान होते. पण स्पेक्ट्रोमीटर एकूण टायटॅनियम सांगतो. ते विरघळलेले आहे, गाळात आहे की बोराइडच्या कामाच्या कणांत आहे, हे तो सांगत नाही. पुन्हा वितळवलेल्या धातूत मागच्या कुठल्यातरी जन्मीचे टायटॅनियम असते. आकडा बरोबर आणि रवा जाड, असे त्यामुळेच घडते.

खरी चाचणी सोपी आहे. छोट्या कपात धातू घ्यायचा, मधोमध थर्मोकपल, आणि थंड होतानाचा आलेख काढायचा. बीजे कमी असतील तर तापमान गोठणबिंदूच्या खाली घसरते आणि मग उसळी मारून दोन-तीन अंश वर येते. बीजे भरपूर असतील तर ही उसळी जवळपास नाहीशी होते. काही मिनिटांत, धातू साच्यात जाण्याआधी उत्तर मिळते. याहून स्वस्त मार्ग हवा असेल तर नमुना कापून, घासून, आम्लाने खरवडला की रवा डोळ्यांना दिसतो.

गंमत अशी की लोखंडाच्या ओतकामात हे नवे नाही. कोल्हापूरच्या बीड ओतणाऱ्या कारखान्यांत कपातला आलेख पाहून कार्बनचा अंदाज घेणे, वेज तोडून पाहणे, ओतण्याआधी इनॉक्युलंट टाकणे आणि ते ओसरण्याआधी धातू ओतून मोकळे होणे, हे सगळे अंगवळणी पडलेले आहे. तिथला फोरमन इनॉक्युलंट घालून तासभर थांबणार नाही. त्याच गावातील ॲल्युमिनियमच्या भट्टीवर मात्र तीच चूक चूक वाटत नाही. ज्ञान परदेशातून आणायला नको, शेजारच्या शेडमधून आणले तरी चालेल.

रवा बारीक केला की सगळे साधले?

नाही. आणि हे सांगितले नाही तर औषध विकणाऱ्याचा फायदा, घेणाऱ्याचा नाही. हॉल आणि पेच यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादात दाखवले की रवा जितका बारीक तितकी ताकद जास्त. ॲल्युमिनियममध्ये हा परिणाम बराच सौम्य असतो. सिलिकॉनच्या ओतीव मिश्रधातूत तर ताकद आणि ताण सोसण्याची क्षमता रव्याच्या आत फुटणाऱ्या फांद्यांमधील अंतरावर अधिक अवलंबून असते. ते अंतर कांडीने नव्हे, साचा किती वेगाने उष्णता ओढतो यावर ठरते. बर्मिंगहॅमचे जॉन कॅम्पबेल तर आयुष्यभर सांगत आले आहेत की खरा शत्रू धातू खळाळत ओतल्याने आत दुमडली जाणारी ऑक्साइडची साय आहे. हायड्रोजन वायू काढला नाही आणि धातू धबधब्यासारखा ओतला, तर बारीक रवा भाग वाचवू शकत नाही.

म्हणून प्राधान्य ठरवायला हवे. एडीसी१२ चे प्रेशर डाय कास्टिंग करणाऱ्याला, जिथे पातळ भाग पोलादी साच्यात क्षणार्धात गोठतो, या औषधावर फार खर्च करण्याचे कारण नाही. जाड-पातळ भिंतींचा, गळती न चालणारा एलएम२५ चा भाग ग्रॅव्हिटीने किंवा वाळूत ओतणाऱ्याला आहे. वायू काढणे आणि शांतपणे ओतणे आधी, रवा नंतर. पण नंतर म्हणजे कधीच नाही, असे नव्हे.

भंगाराच्या काळात हे अधिक अवघड का होणार?

भंगारातून ॲल्युमिनियम बनवायला खनिजापासून बनवण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते. त्यामुळे पुढचा काळ पुनर्वापराचा आहे आणि तो असायलाच हवा. पण भंगाराबरोबर झिर्कोनियम, क्रोमियमसारखे घटकही येतात. विमानांसाठीच्या जस्तयुक्त मिश्रधातूंत ०.१ टक्क्याच्या आसपास झिर्कोनियम मुद्दाम घातलेले असते. ते भट्टीत आले की बोराइडवरचा तो एका अणूचा थर बदलून टाकते. आणि हेच झिर्कोनियम दुसरीकडे तारणहार ठरते. २०१७ मध्ये अमेरिकेतील एचआरएल प्रयोगशाळेने ७०७५ या मिश्रधातूच्या भुकटीला झिर्कोनियमचे नॅनोकण लावले आणि एरवी तडकणारा हा धातू थ्रीडी प्रिंटिंगने अखंड छापून दाखवला. तिथे झिर्कोनियम-ॲल्युमिनियमचे कणच रव्याची बीजे झाले. एकच मूलद्रव्य एका भट्टीत विष आणि दुसरीकडे औषध असते, तेव्हा ‘टनाला इतके किलो’ असे एकच सूत्र भिंतीवर लिहून भागत नाही.

भंगाराचा प्रत्येक गाडा वेगळा, म्हणजे मात्राही प्रत्येक वितळीला पडताळावी लागणार. नागपूरला १९८९ पासून ॲल्युमिनियमसाठी वाहिलेले जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र आहे, पुण्यात आणि नागपुरात धातुशास्त्राचे जुने विभाग आहेत. त्यांनी ‘एक-तीन’च्या चाचण्या प्रयोगशाळेतील किलोभर धातूवर नव्हे, तर एमआयडीसीतल्या चालू भट्टीवर, भंगाराच्या धातूवर, स्ट्रॉन्शियमसकट घ्याव्यात आणि मात्रेचे तक्ते मराठीत छापावेत, ही मागणी अवास्तव नाही. वाहन कंपन्यांचाही यात वाटा आहे. त्यांच्या ड्रॉइंगवर रासायनिक घटकांची मर्यादा असते, कडकपणा असतो, गळतीची चाचणी असते. रव्याच्या आकाराची ओळ क्वचितच असते. जोवर ग्राहक ती मागत नाही, तोवर पुरवठादार कपातला आलेख काढण्यासाठी भट्टीवर माणूस ठेवणार नाही आणि टायटॅनियमचा आकडा वाढवत राहील.